प्रकरण गायब झालं? आधी टॅब दाबा

दुरुस्तीसाठी आम्ही तुमच्या पुस्तकाची ऑर्ग फाइल (ईमॅक्स या लेखन-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची साध्या मजकुराची फाइल) पाठवली, की दोन दिवसांत हमखास फोन येतो: ‘अहो, चौथं प्रकरणच नाही यात!’ प्रकरण जागेवरच असतं. शीर्षकाशेजारी तीन टिंबं दिसतात ना, तिथे त्याची घडी घातलेली असते. कर्सर शीर्षकावर नेऊन टॅब दाबा, एकदा किंवा लागलं तर दोनदा, प्रकरण उलगडेल. सगळं पुस्तक उघडायचं तर शिफ्ट-टॅब, सगळं उघडेपर्यंत पुन्हा पुन्हा. एखादा शब्द हवा असेल तर घड्या उघडत बसू नका, कंट्रोल-एसने घडीतलाही सापडतो. (हो, ईमॅक्समध्ये कंट्रोल-एस म्हणजे शोध. सेव्हसाठी आधी कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-एस.)

घडी फक्त पडद्यावर असते. पीडीएफमध्ये सगळा मजकूर येतो. त्यामुळे संपादकासाठीचा खासगी शेरा घडीत लपवून निर्धास्त राहू नका, तो छापला जाईल. त्या ओळीच्या सुरुवातीला # आणि मोकळी जागा द्या, म्हणजे येणार नाही. घडी घातलेल्या शीर्षकाची पूर्ण ओळ निवडून कापलीत, तर आतलं प्रकरणही जातं. कापलं गेलंच, तर लगेच कंट्रोल-स्लॅश.

आता खुणांबद्दल. ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा (*) असतो, तिरप्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना तिरकी रेघ (/). वाचताना डोळ्यांत खुपू नयेत म्हणून या खुणा दिसणार नाहीत अशी सोय आम्ही करून दिली आहे. पण त्या फाइलमध्ये असतातच. ठळक शब्दाच्या शेवटी बॅकस्पेस दाबलात तर अक्षराऐवजी लपलेला तारा पुसला जातो, आणि पहिला तारा एकदम उघडा पडतो. घाबरू नका, शेवटी तारा परत टाका.

मराठीत खरी अडचण प्रत्ययांची. *पंढरी*ला असं लिहिलं तर शब्द ठळक होत नाही, कारण शेवटच्या ताऱ्यानंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह लागतं, आणि आपला ‘ला’ तर शब्दाला चिकटलेला! मग तारे तसेच छापले जातात. *पंढरीला* असा अख्खा शब्द खुणेत घ्या. थोडक्यात, ठळक करायच्या शब्दाशेजारी पडद्यावर तारा दिसत असेल, तर खूण लागलेलीच नाही.

दुरुस्त्या झाल्या की तीच ऑर्ग फाइल परत पाठवा. मजकूर वर्डमध्ये चिकटवलात तर लपलेले तारेही सोबत जातात, आणि ते आम्हाला एकेक करून वेचावे लागतात.