घरी अजगर पाळण्यासाठी नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि चावऱ्या अजगराबाबत घ्यावयाची खबरदारी

अजगर पाळण्याचा परवाना कसा काढायचा, असे विचारत सेवा केंद्रावर येणाऱ्याला आम्हाला आधी एकच गोष्ट विचारावी लागते, ती म्हणजे अजगर कुठला. तो धानाच्या बांधीत, कुटाराच्या ढिगात किंवा कोंबड्यांच्या खुराड्यात सापडलेला असेल तर तो भारतीय अजगर होय आणि तो घरी ठेवण्यासाठी भरायचा कोणताही फॉर्म अस्तित्वात नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्याच रांगेत, त्याचे नाव आहे. त्याला पकडणे हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येने शिकारच ठरते आणि त्यासाठी किमान ३ व कमाल ७ वर्षे कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड आहे. पिल्लापासून वाढवला, आता चावतही नाही, हे सांगून त्यात काही फरक पडत नाही. असा प्राणी कोणत्याही कारणाने ताब्यात आला असेल, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनविभागाला कळवणे बंधनकारक आहे. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठी पुरेसा आहे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. मागच्या पावसाळ्यात धुऱ्यावर सापडलेले 'अजगराचे पिल्लू' ढोल्यात ठेवून एक तरुण फोटो दाखवायला आला होता. फोटोत पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या सरळ ओळी होत्या, म्हणजे ती घोणस होती. अजगराचे पट्टे वेडेवाकडे असतात, घोणशीचे ठिपके मात्र एका मापाचे व रांगेत असतात आणि ती प्रेशर कुकरची शिट्टी व्हावी तशी फूत्कारते. ओळख पटेपर्यंत हात लावू नये, मग अर्जाचे काय ते पाहता येईल.

नोंदणीचा प्रश्न येतो तो बॉल पायथनसारख्या परदेशी अजगरांबाबत. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या अशा प्रजाती अनुसूची ४ मध्ये आल्या. त्यांच्या नोंदणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झाले. ज्यांच्याकडे प्राणी आधीपासून होता त्यांना सहा महिन्यांची मुदत होती, ती ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. त्यामुळे आता नव्याने घेणाऱ्याने प्राणी हाती येताच अर्ज करावा आणि जुना प्राणी नोंदणीविना राहिलेल्याने एजंटाच्या नादी न लागता थेट वनविभागाशी लेखी बोलावे.

अर्ज केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० या पोर्टलवर ऑनलाइन करायचा असून निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाकडून होतो. महाराष्ट्रासाठी हे कार्यालय नागपुरातच आहे, एवढी तरी विदर्भाची सोय झाली आहे. आधार कार्ड, राहत्या जागेचा पुरावा, प्राण्याचे दोन्ही बाजूंनी काढलेले स्पष्ट फोटो, वय, लिंग व ओळखखूण, हे सगळे अर्ज उघडण्याआधीच स्कॅन करून ठेवावे, कारण गावात नेट मध्येच जाते आणि अर्धा भरलेला अर्ज पुन्हा सुरू करावा लागतो. खरी अडचण येते ती प्राणी कुठून आणला याच्या पुराव्यापाशी. विक्रेत्याचे नाव-पत्ता असलेले बिल आणि प्राणी आयात केलेला असेल तर आयात परवान्याची प्रत हवी. 'ओळखीतल्याने दिला' हे उत्तर पुरावा म्हणून चालत नाही, आणि माझ्या मते बिल द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून प्राणी घेऊच नये. पुढे प्राणी दुसऱ्याला दिला किंवा त्याला पिल्ले झाली, तरी तीही नोंद करावी लागते.

अजगर चावरा आहे म्हणून नोंदणी अडत नाही, पण घरात लेकरे असतील तर पेटीला कुलूप हवेच. बॉल पायथन बहुधा भीतीने वेटोळ्यात डोके लपवतो. तो चावतो ते बहुतेक वेळा भुकेने किंवा हाताला कोंबडीचा वास असल्याने, नाहीतर कात टाकण्याआधी डोळे निळसर झालेले असताना. म्हणून हात साबणाने धुवून, आधी साप हाताळायच्या आकड्याने (हुकाने) त्याच्या अंगाला हलका स्पर्श करावा आणि मगच त्याला मागून, मध्यभागी आधार देऊन उचलावे. खाऊ हातात धरून देऊ नये, लांब चिमट्याने द्यावा. मे महिन्यात टिनाच्या घरात पेटी ठेवली तर प्राणी उकाड्याने आधी बेचैन होतो आणि मग मरतो, हेही लक्षात असू द्यावे.

त्याने धरलेच तर हात ओढू नये. दात मागे वळलेले असतात, त्यामुळे ओढल्याने जखम फाटते आणि दात तुटून आत राहतात. डोक्यावर थंड पाणी सोडावे आणि वेटोळे शेपटीकडून उलगडावे. नंतर साबणपाण्याने जखम धुवून प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. अजगराला विष नसते, पण साप कुठला याबद्दल शंका असेल तर फोटो दाखवून डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

सांभाळणे जमत नाही म्हणून परदेशी अजगर जंगलात किंवा तलावाकाठी सोडणे हा मार्गच नव्हे. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या पाणथळ जंगलात सोडलेल्या बर्मी अजगरांनी तिथले सस्तन प्राणी कसे संपवले, ते जगजाहीर आहे. उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि ते सांगतील त्या दिवशी प्राणी पोहोचवावा. नेताना तो गाठ मारलेल्या कापडी पिशवीत घालून हवेची भोके असलेल्या डब्यात ठेवावा आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत 'चावतो' असे लिहावे.