मूत्रपिंडविकारात कडधान्यांची पारख

मूत्रपिंडे (बोलीत किडनी) अधू झालेल्या माणसाने प्रथिने आणि पोटॅशियम दोन्ही भरपूर असलेली कडधान्ये, डाळी व सोयाबीन किती आणि कशी शिजवून खावीत, हे ठरवण्याची रीत. रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर असते. जादा पोटॅशियम लघवीवाटे जाईनासे झाले की साठते. ६ च्या पुढे गेल्यास हृदयाचे ठोके बिघडून जीव धोक्यात येऊ शकतो.

सातारा-सांगलीकडे हा रोजच्या ताटातला प्रश्न आहे. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला (हा राजम्याचाच एक प्रकार) भौगोलिक मानांकन आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरडवाहू पट्ट्यात मटकी-हुलगा पिकतो. अशा घरात ‘कडधान्य बंद’ म्हटले की बरीचशी प्रथिनेच बंद होतात. त्यामुळे सरसकट बंदी घालणे चूक आहे.

नुसता आकडा पाहूनही फसगत होते. १०० ग्रॅम कोरड्या राजमा-घेवड्यात सुमारे १,४०० मिलिग्रॅम पोटॅशियम, शिजलेल्यात ४०० च्या आसपास. पण ही घट मुख्यतः दाणा पाण्याने फुगल्यामुळे दिसते. खरी तुलना एक ग्रॅम प्रथिनामागे किती पोटॅशियम येते, याची करावी. शिजलेल्या घेवड्यात ते सुमारे ४७ मिलिग्रॅम, हरभऱ्यात ३३, शेंगदाण्यात २७, टोफूत (सोयाबीनच्या दुधाचे पनीर) १५, अंड्यात १० येते. टोफू करताना निथळलेल्या पाण्यासोबत पोटॅशियम निघून जाते.

आपल्या स्वयंपाकात हेच पुरणाच्या वेळी घडते. डाळ भरपूर पाण्यात शिजवून निथळली की विरघळलेले पोटॅशियम येळवणीत (निथळलेल्या पाण्यात) उतरते, आणि तिचीच कटाची आमटी होते. रुग्णाने ती आमटी टाळावी. निथळलेली डाळ त्या मानाने बरी (पुरणातला गूळ मात्र पोटॅशियम परत आणतो). कुकरमधल्या घट्ट वरणातून काहीच बाहेर जात नाही. उसळीसाठी भिजवणीचे पाणी ओतून द्यावे, नव्या भरपूर पाण्यात उकळावे आणि तेही ओतावे. घेवडा अर्धकच्चा राहू देऊ नये. त्यातले लेक्टिन नावाचे प्रथिन बाधते.

कडधान्याच्या बाजूनेही बोलायला हवे. त्यातला बराचसा फॉस्फरस (मूत्रपिंडविकारात हाही साठतो) फायटेट या दाण्यातल्या संयुगात अडकलेला असल्याने आतड्यात कमी शोषला जातो. तंतूंमुळे पोट साफ राहते, आणि मूत्रपिंडे थकल्यावर शौचावाटे जाणाऱ्या पोटॅशियमचा वाटा वाढतो.

शेवटी निर्णय रुग्णाच्या रक्ततपासणीवर होतो. डायलिसिसपूर्वी, आजार मध्यम ते तीव्र टप्प्यात असताना, शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने सुचवतात. डायलिसिसवर १ ते १.२. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाब-हृदयविकारावरची औषधे, बद्धकोष्ठता आणि आटोक्याबाहेरचा मधुमेह पोटॅशियम वाढवतात. म्हणून रिपोर्टमध्ये ते चढलेले दिसले तर उसळीला दोष देण्याआधी औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी, पण स्वतःहून गोळी बंद करू नये. आणि ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ घरात असेल तर त्याचे पाकीट वाचावे: त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, आणि निथळून केलेल्या उसळीत ते सढळ हाताने पडले तर मेहनत वाया जाऊ शकते.