खानदेशात समाजकार्याचा प्राध्यापक कसा घडला

समाजकार्य शिकवणे हा आपल्याकडचा फार जुना पेशा नाही. १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. मॅन्शार्ट त्याआधी नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. त्यामुळे वर्गाबरोबर वस्तीही शिकवते, ही रीत पहिल्यापासून पडली. विद्यार्थी तिला क्षेत्रकार्य म्हणतात.

खानदेशात प्राध्यापक पुष्कळ झाले ते नंतर. प्रश्न आधीच पेटलेले होते. शहादा-तळोद्यात हातच्या गेलेल्या जमिनींसाठी आणि मजुरीसाठी भिल्ल शेतमजूर उभे राहिले. अंबरसिंग महाराजांनी त्यांना संघटित केले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना निघाली. मग नर्मदेवरचे सरदार सरोवर धरण आले. अक्राणी-अक्कलकुव्यातली ३३ गावे बुडितात जाणार होती आणि पुनर्वसनावर देखरेख ठेवण्याचे काम टाटा संस्थेकडे आले. खातेदार कोण, अतिक्रमणदार कोण, सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब धरायचा की नाही, या प्रश्नांवर माणसाला जमीन मिळणे-न मिळणे ठरत होते. संशोधकाच्या नोंदीला एवढे वजन क्वचितच येते. माझ्या मते इथल्या समाजकार्य संशोधनाचा खरा पाया हाच आहे.

१९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. त्याआधी सगळा कारभार पुणे विद्यापीठाशी जोडलेला होता. आज जळगाव, अमळनेर, चोपडा, तळोदा इथे समाजकार्य महाविद्यालये आहेत. इतर महाविद्यालये उच्च शिक्षण खात्याकडे, ही मात्र सामाजिक न्याय विभागाकडे. वेतन-अनुदानाच्या फायली त्यामुळे वेगळ्या वाटेने फिरतात.

एमएसडब्ल्यू ही समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, मग पीएचडी, असा इथला ठरलेला रस्ता. पण माणूस घडतो तो क्षेत्रकार्याचे अहवाल तपासताना. ‘कुटुंब अज्ञानी आहे’ असे विद्यार्थ्याने लिहिले, की चांगला प्राध्यापक त्याखाली रेघ ओढून विचारतो: घरातली बाई काय म्हणाली, ते कुठे आहे? ऊसतोडीला गेलेले घर, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे मूल, कुपोषणाची नोंद, असे पीएचडीचे विषय याच वह्यांतून सुचतात.

२०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांनी बढतीसाठी गुणांकन आणले आणि शोधनिबंधांची घाई वाढली. पण धडगावच्या पाड्यावर काम करायचे तर पावरा आदिवासींची पावरी बोली यावी लागते, धुळ्याच्या खेड्यात अहिराणी. नेमणुकीच्या मुलाखतीत ही बोली येते का, हा प्रश्न पहिल्यांदा विचारायला हवा, आणि त्याला गुणही द्यायला हवेत.