इसारचिठ्ठी, सावकार आणि कोर्ट : वावराच्या सौद्यामागचा दीडशे वर्षांचा इतिहास

इसार घेतला, चिठ्ठी झाली, साक्षीदारांच्या सह्या झाल्या आणि ठरल्या तारखेला मालक रजिस्ट्रीला आलाच नाही. अशा भांडणांचे दावे विदर्भातल्या कुठल्याही तालुका कोर्टात सापडतील. वकील त्याला 'कराराच्या विशिष्ट पूर्ततेचा दावा' म्हणतात, पक्षकार 'विक्री लावून मागायची केस' म्हणतो. घेणाऱ्याचे म्हणणे सरळ असते : इसार परत नको, भरपाई नको, ठरलेले वावर ठरलेल्या भावात माझ्या नावावर करून द्या. कोर्ट तसे करू शकते. हुकूमनामा होऊनही मालकाने सही केली नाही, तर कोर्टाने नेमलेला अधिकारी त्याच्या वतीने विक्रीपत्र करून देतो. माणसाच्या मनाविरुद्ध त्याची जमीन विकायला लावणारा हा अधिकार आपल्याकडे 1877 च्या कायद्याने पक्का झाला.

त्याचे मूळ इंग्लंडमधले. तिथली साधी न्यायालये करारभंगाबद्दल फक्त पैसे देववीत. पैशाने भरून न येणारे नुकसान असेल तर लोक चॅन्सरी न्यायालयाकडे जात आणि ते 'कबूल केलेस तेच कर' असा हुकूम देई. जमिनीचा एक तुकडा दुसऱ्यासारखा नसतो, हे तत्त्व तिथूनच आले. 1877 च्या कायद्याने ते गृहीतकच करून टाकले : स्थावर मालमत्तेचा करार मोडला तर पैशाने भरपाई होत नाही असे मानायचे, उलट वाटत असेल त्याने ते सिद्ध करायचे. काळी कसदार जमीन, विहीर, पांधण रस्त्याला लागून असलेला धुरा हे सगळे ज्याने पाहिले आहे, त्याला हे गृहीतक पटवून द्यावे लागत नाही.

त्याच कायद्यात एक लगाम होता. असा हुकूम देणे न्यायाधीशाच्या विवेकावर सोडले होते. करार कायदेशीर आहे एवढ्यावर तो द्यायलाच हवा असे नव्हते. मात्र नाकारायचे तर लहरीने नव्हे, न्यायाच्या तत्त्वांना धरून. त्याच्या जागी आलेल्या 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यानेही कलम 20 मध्ये हा विवेक जपला. माझ्या मते विदर्भातल्या या दाव्यांचा खरा इतिहास या एका लगामाचा आहे.

गावात एक समज पक्का असतो, 'इसार झाला म्हणजे वावर आपले झाले'. कायद्यात तसे कधीच नव्हते. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम 54 मध्ये स्पष्ट सांगतो, की विक्रीच्या कराराने मालमत्तेत कुठलाही हक्क निर्माण होत नाही. चिठ्ठीने मिळतो तो फक्त कोर्टात जायचा हक्क.

पण कोर्टात मागायचे तरी काय, हे जमीन कुठल्या पद्धतीची यावर अवलंबून होते, आणि विदर्भात ती एक नव्हती. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाने इंग्रजांच्या हवाली केला. तिथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन शेतकरी सरकारचा थेट खातेदार झाला. त्याला जमीन विकता येई, गहाण टाकता येई. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागात मालगुजारी होती, म्हणजे गावचा सारा मालगुजार भरी आणि कसणारा त्याचे कूळ असे. तिथल्या बऱ्याच कुळांना हक्क विकायची मोकळीक नव्हती. मग मालगुजाराकडे जमीन सोडून द्यायची आणि त्याने ती नव्या माणसाला लावायची, अशी पळवाट निघाली. जो हक्क विकताच येत नाही, त्याचा सौदा कोर्ट कसा पुरा करून देणार? खुल्या सौद्याचा आणि त्याच्या दाव्याचा मार्ग त्यामुळे वऱ्हाडात मोकळा होता, मालगुजारी मुलखात अरुंद.

वऱ्हाडातली ही मोकळीक कापसाबरोबर आली. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला, खामगाव-अमरावतीचे भाव चढले आणि 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. जमिनीला किंमत आली, तसे तिच्यावर कर्जही मिळू लागले. युद्ध संपून भाव पडले, कर्ज राहिले. सावकाराचा आवडता कागद होता मुदती खरेदीचा : वरून विक्री, आतून गहाण, मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 1929 च्या दुरुस्तीने सांगितले, की परतीची अट त्याच दस्तात नसेल तर त्याला गहाण म्हणता येणार नाही. पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडात 1933 चा कर्ज तडजोडीचा, 1934 चा सावकारीचा आणि 1939 चा कर्जनिवारणाचा असे कायदे झाले. कर्जाच्या कागदाकडे सरकारचे लक्ष गेले, म्हणजे दुसऱ्या रूपातल्या कागदाची सोय वाढली. इसारचिठ्ठी त्यासाठी अगदी जुळणारी. तिच्यात ना व्याजाचा उल्लेख, ना कर्जाचा.

अशी चिठ्ठी हातात घेऊन पाहा. शंभराचा स्टॅम्प (ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा), वर मौजा, गट नंबर, चतुःसीमा. खाली 'आज रोजी साक्षीदारांसमक्ष इसारादाखल रोख मिळाले' आणि 'मुदतीत विक्री लावून न दिल्यास कोर्टामार्फत लावून घेण्याचा अधिकार राहील'. खऱ्या सौद्याचा आणि खोट्या सौद्याचा मजकूर शब्दशः सारखाच, कारण कागद लिहून देणारा अर्जनवीसही बहुधा तोच. फरक आकड्यांत आणि आजूबाजूला दिसतो. किमतीचा जवळजवळ सगळा भाग इसार म्हणून दिलेला, तरी विक्रीला वर्षभराची मुदत. भाव चालू दरापेक्षा बराच खाली. कबजा मालकाकडेच, पेरणीही त्याचीच. घेणाऱ्याने ना मोजणी केली, ना सातबाऱ्यावरच्या बहिणींच्या सह्या मागितल्या. ज्याला जमीनच घ्यायची आहे तो असे वागत नाही. 2018 पूर्वीच्या कायद्याखाली न्यायाधीश या खुणा एकत्र वाचून म्हणू शकत असे, की हा सौदा कर्जाच्या तारणासाठी होता. पैसे परत घ्या, जमीन मिळणार नाही.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1958 चा विदर्भासाठीचा स्वतंत्र कूळ कायदा झाला. त्याच्या कलम 89 ने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर बंदी घातली. 1966 च्या जमीन महसूल संहितेने भोगवटादार वर्ग 1 आणि वर्ग 2 असे भाग केले; वर्ग 2 ची जमीन विकायला सरकारी परवानगी लागते. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर 1974 पासून बंधने अधिक कडक झाली. मेळघाट, केळापूर, गडचिरोली या भागांत याला मोठा अर्थ आहे. परवानगी लागणाऱ्या जमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये, मध्य प्रदेशातल्या एका जिनिंग फॅक्टरीच्या दाव्यात, वाट काढून दिली : परवानगी मिळवण्याची हमी विकणाऱ्याने मनातून दिलीच असे धरावे आणि हुकूमनामा परवानगीच्या अटीवर द्यावा. आपण सौदा पुरा करायला 'तयार आणि राजी' होतो हे घेणाऱ्याला दाखवावे लागते, पण त्यासाठी त्याने रोकड कोर्टासमोर मोजून दाखवायलाच हवी असे नाही, हेही त्याच निकालात आहे. तरी तारखेच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन हजेरीचा पुरावा करून ठेवायची रीत आहे, आणि ती चांगली आहे.

मुदतीचा घोळ वेगळाच. दावा लावायची मर्यादा पूर्वीही तीन वर्षे, 1963 च्या मर्यादा कायद्यातही तीनच. पण तीन वर्षे आहेत म्हणून तोवर झोपून राहा, असे नाही. स्थावराच्या करारात मुदत सहसा कराराचा प्राण मानत नाहीत. तरी काम वाजवी वेळेत व्हायला हवे, असे डिसेंबर 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे घटनापीठ म्हणाले. 1997 मध्ये त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, झपाट्याने चढणारे भाव डोळ्याआड करता येत नाहीत असे सांगितले. समृद्धी महामार्गाच्या आखणीनंतर नागपूर, वर्धा, वाशीम, बुलढाण्याकडे ज्यांनी जमिनी पाहिल्या, त्यांना याचा अर्थ कळेल. जुन्या भावाची चिठ्ठी पेटीतून काढून नव्या भावाच्या जमिनीवर दावा करणारे निघाले, तसे भाव चढताच खऱ्या चिठ्ठीलाही 'सावकारीची' म्हणणारे मालकही निघाले.

1 ऑक्टोबर 2018 पासून लगाम सुटला. त्या दिवशी लागू झालेल्या दुरुस्तीने 1963 च्या कायद्याच्या कलम 20 मधला विवेक काढून टाकला. कायद्यातल्या अटी पुऱ्या होत असतील तर पूर्ततेचा हुकूम द्यायचा. दुरुस्तीमागे विचार होता रस्ते, वीज अशा मोठ्या प्रकल्पांच्या करारांचा आणि व्यापार सुलभ करण्याचा. शंभराच्या स्टॅम्पवरची गावची चिठ्ठी तिच्यात आपोआप ओढली गेली, असे माझे मत आहे. तिच्यासाठी वेगळा विचार झाल्याचे कायद्यात तरी दिसत नाही.

उरले काय? महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यात सावकाराने बळकावलेली जमीन परत करण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला आहे, पण त्या कलमाची भाषा सावकाराच्या ताब्यात आलेल्या मालमत्तेची आहे. इसारचिठ्ठीत कबजा तर शेतकऱ्याकडेच असतो. मग वाट राहते ती पुराव्याची. दस्त देखाव्यापुरता होता, खरा व्यवहार वेगळाच होता, हे तोंडी पुराव्यानेही दाखवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 च्या दशकाच्या तोंडावर ठरवले आहे आणि ते आजही चालते. म्हणून पूर्वी युक्तिवादाच्या शेवटी 'साहेब, गरीब शेतकरी आहे' म्हणून जे मागितले जायचे, ते आता लेखी जबाबातच, पहिल्या संधीला मांडावे लागते : त्याच माणसाकडे आधी लिहून दिलेल्या आणि पैसे फेडल्यावर फाडलेल्या चिठ्ठ्या, बँकेतल्या व्याजाच्या नोंदी, त्याच अर्जनवीसाच्या हातचे गावातल्या इतरांचे तसलेच कागद.