पदवीवर आईचे आडनाव

ड्यूई आणि जोशुआ रेडमन या सॅक्सोफोन वाजवणाऱ्या अमेरिकन बाप-लेकाच्या ध्वनिमुद्रिका ऐकायचा कार्यक्रम बेळगावच्या टिळकवाडीत ठरला आणि पत्रकावर छापून आले, ‘टेक्सासचे सॅक्सोफोन घराणे’. तेव्हापासून वाद या शेवटच्या शब्दावर अडला आहे.

वाद्य सीमाभागाला नवे नाही. खानापूर-निपाणीकडे वरात थांबली की सॅक्सोफोनवाला तोंडातली पत्ती जिभेने ओली करत उभा दिसतो. अंग पितळेचे, पण आवाज बोरूच्या पत्तीचा. १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेणारा कारागीरही वाद्ये बनवणाऱ्याचाच मुलगा.

वडील ड्यूई १९३१ साली टेक्सासमधल्या फोर्टवर्थला जन्मले. शाळेच्या बँडमधला त्यांचा सोबती ऑर्नेट कोलमन पुढे फ्री जॅझचा, म्हणजे ठरावीक चौकट मोडून मोकळे वाजवायच्या जॅझचा, अध्वर्यू ठरला आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून न्यूयॉर्कमध्ये ते त्याच्याच ताफ्यात होते. टेनर सॅक्सोफोन फुंकताना मध्येच गळ्यातून हुंकार काढायची त्यांची लकब होती. सनईच्या जातीचे चिनी सुओनाही ते वाजवत.

मुलगा जोशुआ १९६९ चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीतला, आईने एकटीने वाढवलेला. वडील न्यूयॉर्कला, भेटी क्वचितच. बाप ऐकला तो मुख्यतः तबकड्यांवर. १९९१ मध्ये हार्वर्डची पदवी घेतली तेव्हा नावाच्या शेवटी आईचे आडनाव होते. येलमध्ये कायद्याला प्रवेशही मिळाला होता. तो वर्षभर पुढे ढकलला, त्याच वर्षी सॅक्सोफोनची मोठी स्पर्धा जिंकली आणि वकिली राहिली ती राहिलीच. (आपल्याकडे ‘पोरगा वाजंत्री झाला’ म्हणून चार घरी सुतक पाळले असते.)

याला घराणे म्हणायचे? घराण्यात समोर बसून तालीम लागते, गंडा लागतो, गुरूचा ओरडाही लागतो. इथे यातले काहीच नाही. पत्रकवाल्यांचा युक्तिवाद असा की बँडवाल्यांच्या घरातही पोराला कोणी समोर बसवत नाही. ते वरातीबरोबर चालत चालत शिकते. मुद्दा बिनतोड वाटतो, पण ते पोर निदान बापाच्या शेजारून चालत असते. माझ्या मते शब्द उसना आहे. लहानपणी तबकड्यांवरून मोठमोठ्यांचे गाणे हुबेहूब उचलणारा आणि पुढे घराण्याची चौकटच नाकारणारा गायक, कुमार गंधर्व, १९२४ मध्ये आपल्याच सुळेभावीत जन्मला. बर्कलीच्या लेकाची गोष्ट समजायला बेळगावकराला तीच वाट जवळची. ‘घराणे’ छापणाऱ्यांना हे आठवू नये याचे नवल वाटते.

वाजवायला दोघे एकत्र आले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, तेही वडिलांच्या ताफ्यात. आडनाव तेव्हा जुळले. २००६ मध्ये वडील गेले. पुढच्या वर्षी निघालेल्या मुलाच्या ध्वनिमुद्रिकेत वडिलांचे अखेरच्या दिवसांतले वादन आहे. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘इंडिया’ या रचनेत दोन्ही सॅक्सोफोन एकत्र ऐकू येतात. टिळकवाडीतला कार्यक्रम तिथूनच सुरू होणार आहे. पत्रक मात्र अजून तेच आहे.