डिस्नेच्या गर्दीत दुपारची झोप

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला डिस्नेचं मॅजिक किंगडम नावाचं मनोरंजन उद्यान आहे. तिथे दुपारी तीनच्या सुमारास एखाद्या बाकावर नुसतं बसून राहा. सकाळी नऊला मिकीचे कान डोक्यावर चढवून उड्या मारणारी पोरं आता फरशीवर पाय आपटत भोकाड पसरून बसलेली दिसतील. कोणाचं आइस्क्रीम चुकीच्या रंगाचं निघालेलं असतं, कोणाचा फुगा आईनं धरलेला असतो. कोणाला बाबागाडीत बसायचं नसतं आणि चालायचंही नसतं.

गेल्या जूनमध्ये आमची सव्वादोन वर्षांची लेक त्यांच्यातलीच एक होती. आम्ही दोघं न्यू जर्सीहून गेलो होतो, सोबत नाशिकहून आलेले माझे आई-बाबा. उद्यान उघडताना दारात असायचं म्हणून तिला पहाटे पाचला उठवलं. अकराच्या पुढे ती डोळे चोळायला लागली, कान ओढायला लागली. आम्ही म्हणालो, अजून एक राइड, मग बघू. अशा तीन राइड झाल्या. साडेतीनला ती इतकी रडली की उलटी झाली. आई घाबरून म्हणाली, "हिला दृष्ट लागली गं कोणाची तरी." लागायला हवी होती ती झोप, आणि ती लागू दिली नव्हती आम्हीच.

असं का होतं हे मला समजतं. तिथलं मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर आहे. पाच जणांचा प्रवास, हॉटेल, वर्षभर साठवलेली रजा. अशा दिवसातले दोन तास पोराला झोपवण्यात घालवायचे, हे कोणाच्याही जिवावर येतं. पण तीन वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीटच लागत नाही. वसूल करायचं असतं ते आपलं तिकीट, आणि त्याची किंमत मोजते ती.

झोप कधी येते याचं आजही वापरात असलेलं एक स्पष्टीकरण झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलं. त्यांच्या मते दोन यंत्रणा एकाच वेळी काम करत असतात. पहिली आहे झोपेच्या दाबाची. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात आणि त्या खर्चातून अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जितकं साठेल तितके डोळे जड. झोपेत त्याचा निचरा होतो. मोठ्या माणसाचा हा रांजण भरायला पंधरा-सोळा तास लागतात. दोन वर्षांच्या मुलाकडे रांजण नसतो, तांब्या असतो. तो साधारण पाच-सहा तासांत काठोकाठ भरतो, आणि रात्रीची झोप अपुरी झाली असेल तर सकाळी उठतानाच त्यात तळाला पाणी शिल्लक असतं. आमच्या लेकीचं गणित म्हणूनच चुकलं. एरवी ती साडेसहाला उठते आणि साडेबाराला पेंगते. पाचला उठवल्यावर तिची वेळ अकरालाच आली, आणि आम्ही घड्याळात एक वाजायची वाट बघत होतो.

(इथेच एक सांगते. कोला, चहा आणि चॉकलेटमधलं कॅफीन मेंदूत अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. दाब तसाच राहतो, फक्त जाणवत नाही. आजोबांनी प्रेमानं दिलेला कोलाचा घोट बारा किलोच्या शरीरात कितीतरी मोठा ठरतो.)

दुसरी यंत्रणा शरीराच्या घड्याळाची. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा पेशींचा पुंजका आहे. तो उजेडावरून दिवस-रात्र ओळखतो आणि जागं राहण्याचा इशारा कमीजास्त करत असतो. दुपारी हा इशारा थोडा ढिला पडतो, जेवण झालेलं असो वा नसो. संध्याकाळी मात्र, नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास, तो दिवसातला सर्वात जोरकस असतो. इस्रायली संशोधक पेरेत्झ लावी यांनी १९८६ मध्ये प्रौढांवरच्या प्रयोगांतून या पट्ट्याला झोपेचा निषिद्ध काळ म्हटलं. आपल्याकडे तिन्हीसांजेला झोपू नये म्हणतात, त्याची वेळ जवळपास हीच.

या दोन यंत्रणा एकत्र ठेवल्या की सहलीतलं एक कोडं सुटतं. दुपारी एक ते तीनमध्ये दाब वर गेलेला असतो आणि घड्याळाचा इशारा ढिला असतो. झोपेचं दार उघडं असतं. ही वेळ आपण खेळण्यात घालवली की पुढे दोनच गोष्टी घडतात. एक तर पोर पाच-साडेपाचला परतीच्या गाडीत कोसळतं आणि मग रात्री अकरापर्यंत डोळे टक्क उघडे. नाहीतर सहाला अचानक तरतरीत होऊन धावायला लागतं आणि आपण म्हणतो, "बघ, हिला झोप नकोच होती." झोप हवीच होती. घड्याळाच्या इशाऱ्यानं तिला झाकून टाकलं, इतकंच. त्या तरतरीत वाटण्यावर विश्वास ठेवून रात्री नऊच्या आतषबाजीपर्यंत थांबलेल्या किती आया बसच्या रांगेत रडणारं मूल खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या मी पाहिल्या.

रडण्यामागचं कारण प्रयोगशाळेतही पाहिलं गेलंय. कोलोरॅडो विद्यापीठाच्या मोनिक लबुर्जुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीच ते तीन वर्षांच्या मुलांना एके दिवशी दुपारी झोपू दिलं आणि दुसऱ्या एका दिवशी तीच झोप चुकवली. दोन्ही दिवशी मुलांना चित्रं दाखवली, कोडी दिली आणि त्यांचे चेहरे टिपले. एक झोप चुकल्यावर आनंदाच्या प्रतिक्रिया ३४ टक्क्यांनी घटल्या आणि नाराजीच्या ३१ टक्क्यांनी वाढल्या. मला सर्वात बोलकी वाटते ती तिसरी गोष्ट. एका कोड्यात मुद्दाम चुकीचा तुकडा दिला होता, म्हणजे ते सुटणंच शक्य नव्हतं. झोपलेली मुलं गोंधळून बघत, 'हे काय?' असा चेहरा करत. तो गोंधळ न झोपलेल्या मुलांमध्ये ३९ टक्क्यांनी कमी दिसला. गोंधळणं ही चांगली गोष्ट आहे. काहीतरी बिनसलंय हे कळणं, मग मदत मागणं, दुसरा मार्ग बघणं हे सगळं त्यातूनच सुरू होतं. चुकीच्या रंगाचं आइस्क्रीम म्हणजे तसंच एक न सुटणारं कोडं. एरवी जी पोर "हे नको, ते" म्हणाली असती, तिच्याकडे दुपारी तीनला फक्त रडणं उरलेलं असतं. त्याला हट्ट म्हणून आपण रागावतो, याचं मला आता फार वाईट वाटतं. प्रयोगात मुलं मोजकीच होती हे खरं, पण तीच मुलं दोन्ही दिवशी पाहिल्यामुळे फरक झोपेचाच आहे हे स्पष्ट दिसतं.

दुसरा प्रयोग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रिबेका स्पेन्सर यांचा, २०१३ मधला. बालवाडीतल्या मुलांना सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवायचा खेळ शिकवला. दुपारी झोप झाली त्या दिवशी मुलांना बरंच आठवलं. जागं ठेवलं त्या दिवशी सुमारे १० टक्के कमी. ती घट रात्रभराच्या झोपेनंतरही भरून निघाली नाही. रोज दुपारी झोपणाऱ्या मुलांमध्ये हा फरक सर्वात ठळक होता. लहान मेंदूत नव्या आठवणी तात्पुरत्या ठेवायची जागा अगदी थोडी असते. दुपारची झोप ती जागा रिकामी करते आणि सकाळचा ऐवज आत नेऊन ठेवते. सकाळी भेटलेला मिकी आणि उडणारा हत्ती डंबो लेकीच्या मनात राहावा असं वाटत असेल, तर झोपेचे ते दोन तास सहलीतून वजा होत नाहीत. सकाळ तिच्यात मुरते ती तेव्हाच.

फ्लोरिडाचं आभाळही याच बाजूनं आहे. उन्हाळ्यात एका अंगानं अटलांटिकचा आणि दुसऱ्या अंगानं मेक्सिकोच्या आखाताचा खारा वारा द्वीपकल्पात आत येतो. ते मध्यावर भेटले की दमट हवा वर ढकलली जाते आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस कोसळतो. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड बंद करतात. म्हणजे ऊन सर्वात कडक, गर्दी सर्वात दाट आणि पाऊस सर्वात संभाव्य, तीच वेळ लेकराच्या झोपेची. त्या वेळी हॉटेलात असण्यानं फार काही चुकत नाही.

पण हॉटेल किती लांब, हे आधीच बघायला हवं. डिस्नेचा तो सगळा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे. मॅजिक किंगडममधून गाडीतळ गाठायचा तर आधी तलाव ओलांडायचा, मोनोरेलनं नाहीतर बोटीनं, आणि मग पुढे गाडी. बाहेरच्या हॉटेलात उतरलं तर एका खेपेला पाऊण तास सहज जातो. बरेचदा मूल या प्रवासातच वीस मिनिटं डुलकी काढतं आणि खोलीत पोचताच टक्क जागं होतं. तांब्यातलं थोडं पाणी सांडलेलं असतं, पुन्हा झोपण्याइतका दाब उरत नाही आणि संध्याकाळ पुरेल इतका आरामही झालेला नसतो. म्हणून निघायचं ते डोळे जड व्हायच्या तासभर आधी. डोळे चोळायला लागल्यावर निघालात तर उशीर झालेला असतो.

परतणं शक्यच नसेल तर बाबागाडी आहे. हलत्या गोष्टीत झोप लागते ते उगाच नाही; पाळणा आणि झोळी आपण काय म्हणून वापरत आलो? जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा यांच्या गटाला २०२२ मध्ये असं दिसलं की रडणाऱ्या तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन सलग पाच मिनिटं चाललं की अनेक बाळं शांत होतात, झोपतातही. मग पाच ते आठ मिनिटं तसंच धरून बसायचं आणि नंतरच खाली ठेवायचं. हा प्रयोग तान्ह्या बाळांवरचा, पण गर्दीपासून दूरच्या रस्त्यानं एकाच चालीनं गाडी ढकलत राहणं दोन वर्षांच्या मुलालाही मानवतं. पाठ मागे झुकणारी गाडी घरूनच न्या. तिथे ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब ही कमाल मर्यादा आहे. जागं असताना लहान मुलाला गाडीत सलग तासाभरापेक्षा जास्त जखडून ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय, तेव्हा झोपेआधीचा वेळ मुलाला पायांवर मोकळं सोडा.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. ऊन लागू नये म्हणून गाडीवर कोरडं कापड टाकून ती बंद करू नका. आतली हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापते. लहान शरीर वजनाच्या मानानं त्वचेतून जास्त उष्णता शोषतं आणि घामही कमी गाळतं. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा कोरड्या मलमलीनं आतलं तापमान वाढलं, आणि ओलं कापड व छोटा पंखा एकत्र वापरल्यावर ते उतरलं. फ्लोरिडाच्या दमट हवेत ओलं कापड तितकं काम करणार नाही, कारण पाणी उडायलाच वेळ लागतो. सावली, वारा आणि उघडी गाडी हेच खरं. नाहीतर 'कॅरुसेल ऑफ प्रोग्रेस' या वातानुकूलित नाट्यगृहात जाऊन बसा. वीस मिनिटांचा शांत खेळ, अंधार आणि आजीची मांडी. मोठ्या मुलांची राइड राहिली असेल तर 'रायडर स्विच' मागा. एकानं झोपलेल्या बाळापाशी थांबायचं, दुसऱ्यानं जाऊन यायचं, मग अदलाबदल. रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागत नाही.

दूरवरून येणाऱ्यांचं गणित वेगळं. कॅलिफोर्निया तीन तास मागे आहे, आणि तिथून चार दिवसांसाठी येणाऱ्यांनी मुलाचं घड्याळ बदलायच्या फंदात पडूच नये असं माझं मत आहे. तिथली दुपारची एकची झोप इथे चारला येऊ द्या. आतषबाजीच्या वेळी मुलाच्या शरीरात अजून संध्याकाळचे सहाच वाजलेले असतील. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक पडतो आणि शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत उद्यानाची तिकिटं काढूच नका. सकाळचा उजेड आणि पोहण्याचा तलाव एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकराला बाहेर पडलो. सव्वाबाराला खोलीत पडदे ओढले, बाबा थोपटत बसले आणि तिच्याआधी स्वतःच झोपले. तिला मी उठवलं नाही, कारण या वयात गाढ झोपेचा वाटा मोठा असतो आणि त्यातून ओढून काढलेलं मूल अर्धा तास नुसतं रडतं. अडीचला ती आपणहून उठली. पंधरा मिनिटं आजीच्या मांडीवर काही न बोलता बसली, मग केळं मागितलं. बाहेर पाऊस ओसरत होता. चारला आम्ही पुन्हा आत होतो आणि साडेसातला निघालो, कारण लबुर्जुआ यांच्या मोजणीत या वयाच्या मुलांचं झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, सरासरी ७ वाजून ४० मिनिटांनी वाढायला लागतं. त्यांच्याच गटानं २०१८ मध्ये जरा मोठ्या मुलांना झोपेआधी तासभर प्रखर प्रकाशात ठेवलं, तर मेलाटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी खाली गेलं आणि दिवे मंद केल्यावर पन्नास मिनिटांनीही सावरलं नव्हतं. म्हणून खोलीत फक्त न्हाणीघरातला दिवा ठेवला, दार ओढून घेऊन.

आतषबाजी आम्ही पाहिली नाही. तिसऱ्या रात्री आई-बाबा दोघंच गेले, साडेदहाला परतले आणि दाराबाहेर चपला हातात घेऊन आत आले.