दुरुस्तीचे दिवस आणि साठ्याचे दिवस

१४ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे सौदी अरेबियाच्या पूर्व प्रांतातील अबकैक येथील तेलप्रक्रिया केंद्रावर आणि खुरैसच्या तेलक्षेत्रावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे येऊन आदळली. आग काही तासांत आटोक्यात आली, पण दिवसाला ५७ लाख पिंप तेलाचे उत्पादन ठप्प झाले. जगाच्या एकूण उत्पादनाचा हा पाच टक्क्यांहून मोठा हिस्सा होता. येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी जबाबदारी घेतली, अमेरिका आणि सौदीने इराणकडे बोट दाखवले, इराणने इन्कार केला. तो वाद बाजूला ठेवून आपण कारखान्याच्या आत जाऊ. एका जागी घाव बसल्यावर एवढे तेल का अडले, हे तिथेच कळते.

विहिरीतून येणारे कच्चे तेल थेट जहाजात भरता येत नाही. खोल जमिनीतल्या प्रचंड दाबामुळे त्यात मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन असे वायू विरघळलेले असतात. गोटी सोड्याची गोटी आत दाबली की फसफसून फेस वर येतो. तेल उघड्या हवेच्या दाबाला आणले की तेही तसेच फसफसते. फरक एवढाच की इथला फेस ज्वालाग्राही असतो. त्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही असतो. त्याचा कुजक्या अंड्यांसारखा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो. मात्र हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, गळती थांबली. तेलक्षेत्रावर काम करणारे म्हणूनच नाकावर विसंबत नाहीत, अंगावर वायुमापक लावूनच फिरतात.

हे वायू टप्प्याटप्प्याने काढावे लागतात. पहिले टप्पे विहिरींजवळच होतात. तिथे दाब पायरीपायरीने उतरवून वायू, पाणी आणि तेल वेगळे केले जाते. उरलेले ‘आंबट’, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड असलेले, तेल अबकैकला येते. इथे ते आधी स्फेरॉइड नावाच्या फुगीर, गोलसर टाक्यांमध्ये शिरते. दाब आणखी उतरतो आणि बराच वायू सुटतो. मग ते स्थिरीकरण मनोऱ्यात वरच्या बाजूने सोडतात. मनोऱ्यात एकाखाली एक ताटल्या बसवलेल्या असतात. तेल एका ताटलीवरून खालच्या ताटलीवर उतरत जाते. तळाशी रीबॉयलर त्याला तापवतो, त्यामुळे गरम वाफ खालून वर चढते आणि उतरणाऱ्या तेलातले हलके वायू व हायड्रोजन सल्फाइड ओढून घेते. तळातून निघते ते ‘स्थिर’ तेल. ते साध्या टाकीत साठवता येते, जहाजावर चढवता येते. वरून निघालेला वायू दाब वाढवून वायुप्रकल्पाकडे जातो. तापमान कमी पडले तर हायड्रोजन सल्फाइड तेलात राहतो आणि जहाजाच्या टाकीत जमून खलाशांच्या जिवावर उठतो. जास्त झाले तर विकता येण्याजोगे हलके घटकही उडून जातात आणि तेल कमी भरते.

अबकैकची क्षमता दिवसाला सुमारे ७० लाख पिंप. कच्चे तेल स्थिर करणारे जगात एवढे मोठे केंद्र दुसरे नाही. एका जागी सगळे आणले की बाष्प, वीज, कॉम्प्रेसर, कुशल माणसे सगळे स्वस्तात पडते. अनेक दशके हाच हिशेब बरोबर होता. विहिरी शेकडो, त्या दूरवर विखुरलेल्या. नळाचे तोंड मात्र एक. मालाची सुरक्षितता आणि मालाची स्वस्ताई इथे एकमेकींच्या आड येतात. फेब्रुवारी २००६ मध्ये अल कायदाने स्फोटकांनी भरलेल्या मोटारी घेऊन याच केंद्रात घुसण्याचा प्रयत्न केला होता. तो दाराशीच फसला. त्यानंतरचा बंदोबस्त जमिनीवरून येणाऱ्यांना रोखणारा होता. २०१९ मध्ये संकट हवेतून आणि खालच्या उंचीवरून आले.

तरीही महिनाअखेरीस उत्पादन पूर्वपदावर आले. १८ पैकी ५ मनोऱ्यांना फटका बसला होता. उरलेले चालू करता आले. बहुतेक स्फेरॉइडना भोके पडली होती. असे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. जाड पोलादी पात्र मापाबरहुकूम घडवावे लागते, त्याला महिने लागतात. पण आरामको या सौदीच्या सरकारी तेल कंपनीकडे पोलादी पत्रे, नळ, व्हॉल्व्ह यांचा साठा होता, वेल्डर होते आणि नकाशे हाताशी होते. शिवाय ग्राहकांना तेल पोचत राहिले, कारण सौदीने रॉटरडॅम, जपानमधील ओकिनावा आणि इजिप्तमधील सिदी केरीर इथे तेल साठवून ठेवले होते. काही ग्राहकांना हलक्या तेलाच्या जागी जड प्रत देऊ केली गेली. ही तडजोड दिसते तितकी सोपी नसते. प्रत्येक रिफायनरी ठराविक प्रतीच्या तेलासाठी बांधलेली असते. जड, गंधकयुक्त तेल अचानक आले तर गंधक काढणारी यंत्रणा कमी पडते, डिझेल कमी निघते आणि तळाचा डांबरासारखा गाळ जास्त निघतो.

बाजार मात्र दुरुस्तीची वाट पाहत नाही. जागतिक दराचा मापदंड मानले जाणारे ब्रेंट तेल शुक्रवारी पिंपाला ६० डॉलरच्या आसपास बंद झाले होते, ते सोमवारी उघडताच ७२ डॉलरला टेकले आणि दिवसाअखेर सुमारे ६९ वर स्थिरावले. महिनाअखेर ते पुन्हा ६० च्या घरात होते. या मधल्या दिवसांसाठीच देश तेल साठवतात. आयात करणाऱ्या देशाने विचारायचा खरा प्रश्न एकच: दुरुस्तीला किती दिवस लागतील आणि आपल्याकडे किती दिवसांचे तेल आहे?

भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. आखातातून निघालेले जहाज आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चार-पाच दिवसांत पोचते, अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून यायला महिना-दीड महिना लागतो. म्हणजे जवळचा पुरवठा तुटला आणि लांबची मागणी त्याच दिवशी नोंदवली, तरी मधला महिनाभर साठ्यावर काढावा लागतो. सरकारचा सामरिक साठा तीन ठिकाणी आहे: विशाखापट्टणम १३.३ लाख टन, मंगळूर १५ लाख टन आणि उडुपीजवळचे पादूर २५ लाख टन. एकूण ५३.३ लाख टन, म्हणजे सुमारे ३.९ कोटी पिंप. आपल्या रिफायनऱ्या दिवसाला ५० लाख पिंपांहून अधिक तेल गाळतात. भागाकार केला तर आठ दिवसही भरत नाहीत, तेही तिन्ही जागा काठोकाठ भरलेल्या असतील तर. तेल कंपन्यांच्या टाक्यांमधला साठा धरला की हा आकडा बराच वाढतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांना निव्वळ आयातीच्या ९० दिवसांएवढा साठा ठेवावा लागतो.

हे तेल ठेवले आहे जमिनीखाली, खडकात कोरलेल्या दालनांमध्ये. विशाखापट्टणमची दालने सुमारे २० मीटर रुंद आणि ३० मीटर उंच आहेत. दहा मजली इमारत आत उभी राहील. या दालनांच्या भिंतींना आतून पोलादी अस्तर नसते. तेलाला रोखून धरते ते भूजल. दालन भूजल पातळीच्या बऱ्याच खाली असते. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एक वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो, त्यामुळे भेगांमधल्या पाण्याचा दाब आतल्या तेलाच्या आणि बाष्पाच्या दाबापेक्षा जास्त राहतो. साहजिकच पाणी आत झिरपते, तेल बाहेर जात नाही. झिरपलेले पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जमते आणि तिथल्या खड्ड्यातून पंपाने उपसून शुद्ध केले जाते.

या रचनेत सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे खडकाचा ओलावा. म्हणून दालनाच्या वर आधी छोटे बोगदे खणतात, त्यांतून आडवी छिद्रे पाडतात आणि त्यांत दाबाने पाणी भरून ‘पाण्याचा पडदा’ तयार करतात. पडदा चालू झाल्यावरच खाली दालन कोरायला घेतात. क्रम चुकला आणि खडक एकदा कोरडा पडला, तर भेगांत हवा शिरते. नंतर कितीही पाणी सोडले तरी काही भेगा पुन्हा पूर्ण भरत नाहीत आणि बाष्पाला वर जायची वाट मिळते. पाणी फारच झिरपत असेल तर भेगांत सिमेंटची पातळ रबडी दाबून भरतात. आजूबाजूच्या निरीक्षण विहिरींत पाण्याची पातळी सतत मोजली जाते. उन्हाळ्यात परिसरातला उपसा वाढून भूजल खाली गेले, तर त्याची काळजी तेल सांभाळणाऱ्यांनाच जास्त असते. जमिनीवरच्या टाकीला आग लागू शकते, वरून मारा होऊ शकतो. शंभरेक मीटर खडकाखालच्या तेलाला या दोन्हींची भीती फारशी नाही.

साठा किती यासोबत तो किती वेगाने बाहेर येतो, हेही पाहावे लागते. पंपांची आणि नळांची क्षमता मर्यादित असते आणि दालन ठराविक रिफायनरीलाच जोडलेले असते. पादूरचे तेल नळाने मंगळूरला सहज पोचते. मुंबईतल्या माहूलच्या किंवा हरियाणातल्या पानिपतच्या रिफायनरीला आणायचे तर आधी जहाज लागेल.

कच्च्या तेलाइतकाच, किंबहुना त्याहून नाजूक, विषय स्वयंपाकाच्या गॅसचा आहे. देशात लागणाऱ्या एलपीजीपैकी जवळपास ६० टक्के आयात होतो आणि त्यातला फार मोठा वाटा वर्षानुवर्षे होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येत आला आहे. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी अवघी ३३ किलोमीटर आहे, आणि जहाजांसाठी आखलेले जाण्या-येण्याचे पट्टे प्रत्येकी तीन-साडेतीन किलोमीटरचेच. भारतात वर्षाला सुमारे ३.१ कोटी टन एलपीजी लागतो, म्हणजे दिवसाला ८५ हजार टनांच्या आसपास. विशाखापट्टणमच्या भूमिगत दालनात ६० हजार टन मावतो, मंगळूरच्या नव्या दालनात ८० हजार टन. दोन्ही भरलेली असली तरी देशाची चूल त्यावर दीड दिवसाहून थोडीच अधिक चालेल.